प्रमाणपत्रावर तास नकोत, कामे लिहा

संपादक महोदय,

बारावीची आणि 'नीट'ची परीक्षा संपली की पुण्यातली बरीच मुले-मुली गोठ्यांकडे आणि कुत्र्यांच्या शेल्टरकडे वळतात. कुणाला पशुवैद्यकीय पदवीला जायचे असते, कुणाला परदेशी विद्यापीठाच्या अर्जात प्राण्यांसोबतचा अनुभव दाखवायचा असतो, कुणाला नुसतीच जनावरांची ओढ असते. तिन्ही कारणे चांगली आहेत. महिना-दीड महिन्याने ती परत जातात तेव्हा हातात एक कागद असतो : 'अमुक विद्यार्थ्याने आमच्याकडे ६० तास सेवा केली.' त्या साठ तासांत त्याने गायीचा ताप मोजला की गायीसोबत फोटो काढला, हे त्या कागदावरून कुणालाच कळत नाही. आमची सूचना साधी आहे. प्रमाणपत्रावर कामे लिहावीत : कोणते काम, किती वेळा, कुणाच्या देखरेखीखाली, आणि शेवटी ते एकट्याने जमते का. असा कागद द्यायचा तर आधी कामे शिकवावी लागतील. म्हणून काय शिकवावे आणि त्यात कुठे चुकते, ते सविस्तर मांडत आहोत.

पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यातले एक वर्ष इंटर्नशिपचे. पुण्याला सर्वांत जवळचे शासकीय महाविद्यालय शिरवळला. तिथे पाऊल टाकण्याआधी शेण, लाळ, रक्त आणि पहाटेची धार आपल्याला मानवते का, हे कळलेले बरे. मात्र एक मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हवी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. इंजेक्शन देणे, टाके घालणे, सलाइन लावणे ही शिकाऊ मुलांची कामे नव्हेत. 'आमच्याकडे या, इंजेक्शन द्यायला मिळेल' असे आमिष जिथे दाखवतात, तिथे पालकांनी मुलांना पाठवू नये.

येण्याआधीची तयारी बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. रेबीजची प्रतिबंधक लस चावा होण्याआधीच घेता येते : पहिला डोस, मग ७व्या दिवशी, मग २१व्या किंवा २८व्या दिवशी. म्हणजे कामाच्या आधी निदान महिनाभर सुरुवात हवी. मे महिन्यात यायचे तर मार्चमध्येच, परीक्षेच्या धामधुमीत, हे उरकावे लागते. धनुर्वाताची लस चालू आहे ना, तेही पाहावे. गमबूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कापलेली नखे. ओढणी, लोंबते कानातले, अंगठ्या आणि इअरफोन घरी. इअरफोनचे कारण ऐटीचे नाही. मागून येणारे जनावर आणि 'सर बाजूला!' ही हाक दोन्ही ऐकू यायला हवीत.

आता गोठा. पहिला आठवडा शेण काढण्याचा. मुले याला शिक्षा समजतात आणि मालक फुकटची मजुरी, दोघेही चुकतात. शेणाइतके बोलके काही नाही. निरोगी गायीचे शेण खाली पडले की थापीसारखे बसते. पातळ आणि आंबट वासाचे झाले तर पोटात आम्ल वाढले आहे. कडक, शेंबूड लागलेले असेल तर पाणी कमी पडले किंवा पचन मंदावले आहे. अख्खे दाणे दिसले तर खुराक वाया जातो आहे. आठवडाभर रोज पंधरा गायींखालचे शेण उचलणाऱ्या मुलाला सोळाव्या गायीचे बिघडलेले लगेच दिसते.

गायीजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. तिला जवळजवळ चोहीकडचे दिसते, फक्त थेट मागचे दिसत नाही. तिथून अचानक हात लागला की ती दचकते. घोडा मागे लाथ झाडतो, गाय मात्र पाय पुढे घेऊन बाहेरच्या बाजूने अर्धगोल फिरवते. म्हणून 'मी मागे नाही, बाजूला आहे' ही समजूत खोटी. एक तर तिच्या अंगाला अंग लावून उभे राहावे, म्हणजे लाथेला जोर धरायला जागा मिळत नाही, नाहीतर चांगले सहा-सात फूट लांब. मधल्या अंतरात लागलेली लाथ हाड मोडते. कासरा किंवा दावे हाताला गुंडाळून कधीही धरू नये. जनावर उधळले की बोटे त्यात अडकतात. बांधताना गाठ अशी हवी की मोकळे टोक ओढताच सुटेल. गळ्यात सरकफास नको. आणि वेसण हिसडून जनावर शहाणे होत नाही, पुढच्या खेपेला ते तोंड जवळ येऊ देत नाही एवढेच.

ताप घेणे हे पहिले खरे कौशल्य. गायीचे साधारण तापमान १०१.५ अंश फॅरनहाइट, शेळीचे १०२ ते १०३.५, कुत्र्याचे १०१ ते १०२.५. थर्मामीटरच्या टोकाला दोरा बांधून दुसरे टोक चिमट्याने शेपटीच्या केसांना लावावे, नाहीतर तो आत ओढला जातो किंवा पडून फुटतो. शेपूट मुळाशी धरून बाजूला करावी, थर्मामीटर किंचित तिरका ठेवून आतल्या भिंतीला टेकवावा. तो शेणाच्या गोळ्यात घुसला तर आकडा चुकीचा येतो; नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक हीच. उन्हातून चालत आलेल्या किंवा नुकत्याच डुंबून आलेल्या म्हशीचा ताप लगेच घेऊ नये. त्यानंतर डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ टेकवून दोन मिनिटे थांबावे. निरोगी जनावरात पोट तेवढ्या वेळात दोन-तीनदा मुठीला वर ढकलते. हालचाल नाही, रवंथ बंद, कान गार, अशी गाय दिसली की फोन पशुवैद्यकाला, किंवा शासनाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर.

धार काढण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सर्वांना तीच आधी हवी असते आणि नुकसानही तिथेच होते. अनोळखी हात लागला की गाय पान्हा चोरते. भीतीने तिच्या रक्तात जे द्रव्य सुटते ते पान्ह्याच्या संप्रेरकाला अडवते, आणि या संप्रेरकाचा जोरही जेमतेम पाच ते सात मिनिटे टिकतो. म्हणून शिकाऊ मुलाला शांत, आटत आलेल्या गायीवर बसवावे आणि शेवटची धार नेहमीच्या माणसानेच पूर्ण करावी, म्हणजे कासेत दूध राहत नाही. सड कोमट पाण्याने धुऊन प्रत्येक गायीला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसावेत. एकच फडके गोठाभर फिरवणे म्हणजे दगडी, अर्थात कासेचा दाह, वाटत फिरणे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडाच्या किंवा गडद रंगाच्या भांड्यात घ्याव्यात. गाठी, पाणचट दूध, रक्ताची रेघ त्यावर उठून दिसते. जमिनीवर किंवा तळहातावर त्या धारा सोडू नयेत. मग मूठ पद्धत : अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग बंद करायचा आणि बाकीची बोटे वरून खाली एकामागून एक मिटायची. ओढायचे नाही. अंगठा मुडपून धार काढण्याची जुनी सवय पुष्कळ गवळ्यांना आहे, ती सोपी वाटते, पण त्या सांध्याने सडाच्या आतले अस्तर चेचले जाते, पुढे सड निबर होतो. बोटे दुधात बुडवून ओली करण्याची खोडही तिथेच मोडावी. धार संपल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहील. सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. ती लगेच शेणात बसली तर जंतू सरळ आत. दगडी झालेली गाय नेहमी सर्वांत शेवटी पिळावी.

खुराक मोजून द्यायला शिकणे हे धारेइतकेच महत्त्वाचे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून कुणी शिकत नाही. ढोबळ हिशेब असा : गायीला स्वतःचे अंग राखायला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. दहा लिटरच्या गायीला साडेपाच किलो, दोन वेळांत विभागून. इथे पाटी किंवा डबा हे माप धरले तर घोटाळा होतो, कारण गव्हाच्या भुश्शाचा डबा आणि सरकी पेंडेचा डबा यांच्या वजनात बराच फरक पडतो. एकदा प्रत्येक जिन्नस काट्यावर घालून डब्यावर खूण करावी. नवा चारा किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) सुरू करायचा तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा.

शहराकडच्या गोठ्यांत एक वेगळाच धोका आहे. मंगल कार्यालयातला उरलेला भात, बेकरीतले शिळे पाव, पोळ्यांच्या पिशव्या लोक पुण्य म्हणून आणून ओततात, आणि शिकाऊ मुलेही प्रेमाने चारतात. एखादी पोळी सोसते. पाटीभर भात सोसत नाही. पिठूळ अन्नाचे कोठीपोटात, म्हणजे रवंथाच्या मोठ्या पोटात, झपाट्याने आम्ल होते, चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात, रवंथ थांबते, शेण पातळ होते, गाय खाली बसते आणि उशीर झाला तर उठत नाही. विद्यार्थ्याने इथे नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हणायला शिकावे. जमलेच तर पिशवी आणणाऱ्याला एक पेंढी हिरवा चारा विकत घ्यायला सांगावे.

गाय वजनकाट्यावर चढत नसली तरी वजन काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. पशुवैद्यकाला जंताच्या औषधाचा डोस ठरवायला हा आकडा हवा असतो. अंदाजाने कमी डोस पडला तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

नवजात वासराचा चीक हे घड्याळाचे काम आहे. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा पहिल्या चोवीस तासांत, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या एक-दोन तासांत. ३० किलोच्या वासराला तीन लिटर. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात जाण्याची वाट तासागणिक बंद होत जाते, चोवीस तासांनी ती जवळजवळ बंदच. बाटलीने पाजताना वासराची मान तान्ह्या बाळासारखी मागे टाकू नये. दूध फुप्फुसात जाते आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. मोठ्या जनावराला नळ्याने औषध पाजतानाही तेच : जीभ ओढायची नाही, ठसका लागला की तत्क्षणी थांबायचे.

दोन गोष्टींना शिकाऊ हातांनी स्पर्शच करू नये. एक, गाभटलेले (मुदतीआधीच पडलेले) वासरू, वार आणि विण्याच्या वेळचे पाणी. ब्रुसेला हा जंतुसंसर्ग त्यातून माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लागते. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. गाय लाळ गाळते, गिळत नाही, आवाज घोगरा झाला आहे. 'घशात काही अडकले असेल' म्हणून कुणीतरी तोंडात हात घालते. ती पिसाळलेली असू शकते. जनावरातला रेबीज अनेकदा असाच दिसतो. हात घालण्याआधी पशुवैद्यक यावा, आणि ज्यांच्या हाताला लाळ लागली त्या सर्वांची नावे लिहून ठेवावीत.

गुरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्याआधी टोचतात, म्हणजे नेमक्या सुट्टीत. या लसी औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेत तयार होतात हे पुण्याच्या मुलांना ठाऊक असावे. टोचणे त्यांचे काम नाही, पण बर्फाच्या पेटीतले तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस आहे का हे पाहणे, जनावर धरणे, कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक न चुकता उतरवणे, ही कामे तेच उत्तम करतात.

शेळ्या-मेंढ्यांकडे थोडक्यात. मेंढी लोकरीला धरून उचलू नये, कातडीखाली रक्त साकळते. एक हात जबड्याखाली, दुसरा मागच्या पुठ्ठ्यावर. शेळीची खालची पापणी उलटून आतला रंग तक्त्याशी ताडून पाहायला शिकावे. लालभडक म्हणजे १, पांढरीफटक म्हणजे ५. चार-पाचवाल्यांना औषध लागते, एक-दोनवाल्यांना उगीच देऊ नये. हा तक्ता रक्त पिणाऱ्या एका विशिष्ट पोटजंतासाठी आहे. उवांनी, गोचिडांनी किंवा यकृतातल्या चपट्या कृमींनीही पापणी पांढरी पडते, हे विसरू नये. नख्या दोन-तीन महिन्यांनी छाटाव्यात आणि आत गुलाबी झाक दिसली की कात्री थांबवावी.

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये मुलांना कुरवाळायचे असते, आणि तिथे सर्वांत आधी शिकायला हवी ती सफाईची क्रमवारी. आधी लहान पिल्ले, मग लसीकरण झालेली निरोगी मोठी, मग नव्याने आलेली आणि वेगळी ठेवलेली, शेवटी आजारी. उलट गेले की पार्व्हो हा पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू बुटांवरून पिल्लांपर्यंत पोहोचतो. फिनेलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली, हा समज काढून टाकावा. साध्या फिनेलने पार्व्होचा विषाणू मरत नाही आणि जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. आधी विष्ठा काढून साबणाने धुवावे, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटे ओले ठेवावे, मग पाण्याने धुवावे. घाणीवरच ब्लीच ओतले तर त्याचा जोर घाणीतच संपतो. द्रावण रोज नवे करावे आणि टॉयलेट धुण्याच्या आम्लात ते कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. नव्या कुत्र्याला १०-१४ दिवस वेगळे ठेवणे जागेअभावी टाळले जाते, आणि पिल्लांच्या साथी पुष्कळदा तिथूनच सुरू होतात.

कुत्रा चावण्याआधी बरेच काही सांगतो. ओठ चाटणे, गरज नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे, अंग ताठ होऊन अचानक स्तब्ध होणे. शेपटी हलते म्हणजे तो खूश आहे असे नाही. ताठ, उंच धरून बारीक हलणारी शेपटी इशारा असते. गुरगुरणाऱ्याला रागावू नये. गुरगुरणे दाबले की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. पिंजऱ्यात शिरताना अंग तिरपे, नजर खाली, हात त्याच्या डोक्यावरून नव्हे तर छातीच्या उंचीवर. फासाचा पट्टा घालताना दोरी ढिली सोडून पाहावी. फास आपोआप सैल झाला तर तो बरोबर घातला आहे, उलटा पडला तर आवळलेलाच राहतो. दोन कुत्री भिडली तर मध्ये हात नको, गळपट्टा तर मुळीच धरू नये. बादलीभर पाणी किंवा अंगावर जाड घोंगडी, एवढे पुरते.

हाडकलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर देण्याची घाई सर्वांनाच होते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम मिळालेल्या अन्नाने रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय बंद पडू शकते. थोडे थोडे, दिवसातून चार वेळा, पशुवैद्यकाने सांगितल्या मापात. अनाथ पिल्लांना गायीच्या दुधाने जुलाब होतात. माणसाच्या तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, कुत्र्यांना घातक ठरतात.

चावा किंवा ओरखडा झालाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो, पण लस त्यासाठी थांबत नाही. आधी प्रतिबंधक डोस पूर्ण केलेल्यांना त्याच दिवशी एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक असे दोनच डोस लागतात, सीरम (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागत नाही. मुले चावा लपवतात, कारण कुत्र्यावर ठपका येईल अशी त्यांना भीती वाटते. 'कुत्र्याला काही होणार नाही, पण तू सांग' हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले पाहिजे.

एकच विद्यार्थी सकाळी गोठ्यात आणि दुपारी शेल्टरमध्ये जात असेल तर बूट आणि कपडे वेगळे हवेत. शेतावरच्या कुत्र्याने वार किंवा गाभटलेले वासरू खाल्ले की निओस्पोरा नावाचा परजीवी त्याच्या विष्ठेतून वैरणीत येतो आणि गाई गाभटतात. मेंढी-बकऱ्याचे कच्चे काळीज, फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून वार खोल पुरावी, कुत्र्यांना असे मांस शिजवूनच द्यावे आणि त्यांना वेळेवर जंताचे औषध मिळावे.

आता प्रमाणपत्राचा नमुना. डावीकडे काम, मग किती वेळा, मग एकट्याने जमते का, मग सही. 'ताप मोजणे : गाई २५ वेळा, कुत्री १५ वेळा, जमते.' 'मूठ पद्धतीने धार : १४ दिवस, दोन गाई, मदतीने जमते.' 'पार्व्होच्या पिंजऱ्याची सफाई : ६ वेळा, जमते.' जे जमत नाही तेही लिहावे, त्यात कमीपणा नाही. सोबत विद्यार्थ्याची रोजची वही असावी : तारीख, जनावराचा क्रमांक, काय पाहिले, आकडा किती, कुणाला कळवले. विद्यार्थ्यांना अनुभव घ्यायला पाठवणारी पुण्यातली महाविद्यालये आणि त्यांना ठेवून घेणारे गोठे, शेल्टर यांनी येत्या सुट्टीपासून हा नमुना वापरून पाहावा. सहीच्या रकान्यात पशुवैद्यकाच्या जोडीने त्या गवळ्याची आणि पिंजरे धुणाऱ्या ताईंची सही घ्यावी. काम त्यांनीच शिकवलेले असते.

– पुणे परिसरात काम करणारे काही पशुवैद्यक, पशुपालक आणि शेल्टर-कार्यकर्ते